शिकलो की ती गप्प होणार

माझी बायको शालन गेल्यानंतर गुऱ्हाळाचा पहिला हंगाम सुरू झाला, आणि त्याच सुमाराला मला कळलं की माझी साखर ताब्यात आली तर तिचा आवाज बंद होणार आहे.

आधी यंत्राचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

मी भूपाल चौगुले. पंचगंगेच्या काठच्या एका गावात गुळव्या आहे. गुऱ्हाळात मोठ्या काहिलीत उसाचा रस कढत असतो, तो नेमका कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. बाकीची गुऱ्हाळं आता यंत्रावर गेली. आमच्या मालकांनी जुन्या पद्धतीचं एक ठेवलंय, कारण हातचा गूळ लोक लांबून मागवतात. मला साखरेचा आजार निघाला तेव्हा गाव हसलं. मीही हसलो. जन्मभर गूळ केला, तो आता अंगात उतरला, असं मीच सांगत फिरलो.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फरीदा मुल्ला नावाच्या सिस्टर आहेत. साखरेच्या पेशंटना शिकवायचं काम त्यांच्याकडं. काय खायचं, गोळी कधी घ्यायची, पाय कसे तपासायचे. पूर्वी त्या भिंतीला तक्ते लावून शिकवायच्या. माणसं माना डोलवायची आणि घरी जाऊन होतं तसंच वागायची. मग ‘सोबती’ आलं.

दंडावर चिकटवायची एक टिकली आणि कानात घालायचा एक मणी, एवढंच ते. टिकलीला केसाइतकी बारीक सुई असते. कातडीखालच्या पाण्यात साखर किती आहे हे ती सतत मोजते आणि मण्याला कळवते. मग मणी बोलतो. पण कुणाच्या आवाजात बोलतो, यात खरी युक्ती होती. परक्या आवाजातली सूचना माणूस ऐकतो आणि सोडून देतो. तीच सूचना घरातल्या माणसाच्या आवाजात आली की घासाकडं गेलेला हात थांबतो, असं ते यंत्र करणाऱ्यांना दिसून आलं होतं. म्हणून प्रत्येक पेशंटनं आपलं एक माणूस सांगायचं.

“काका, घरात तुम्ही कुणाचं ऐकता?” फरीदाताईंनी विचारलं.

मी म्हटलं, कुणाचंच नाही. शेजारी शालन बसली होती. ती म्हणाली, “माझं ऐकत न्हाई म्हणून गावभर सांगत फिरत्यात. म्हंजे माझंच ऐकत्यात. लिवा माझं नाव.”

शालननं पंधरा दिवस गळ्यात छोटा माइक घालून घरात वावरायचं होतं. यंत्र नुसता आवाज घेत नव्हतं. ती कुठं चिडते, कुठं वाक्य अर्ध्यावर सोडते, टोमणा मारण्याआधी किती थांबते, हेसुद्धा शिकत होतं. त्या पंधरा दिवसांत तिनं मला जरा जास्तच फैलावर घेतलं. सरकारदरबारी नोंद होऊ दे, म्हणायची.

नंतर मण्यातून जे यायचं ते आरोग्य केंद्रानं ठरवलेलं असायचं, ढब तिची. साचा तिचा, आतला गूळ दवाखान्याचा. ती चुलीपुढं भाकरी थापायची आणि माझ्या कानात तिचाच आवाज म्हणायचा, अवो, आता तिसरी नको. मी ताट सारलं की ती विचारायची, काय म्हणाली ती? शेवटी शेवटी स्वतःचाच हेवा करायला लागली होती. मी सांगितलं तर कधी उठला न्हाईसा ताटावरनं, म्हणायची.

श्रावणात तिला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली.

आवाज देणारं माणूस वारलं तर आवाज ठेवायचा की बदलायचा हे पेशंटनं सांगायचं, असा नियम होता. फरीदाताईंनी विचारलं. मी ठेवा म्हटलं. पण मणी डबीत घालून ठेवला होता. सगळं आटोपलं, पाहुणे गेले, मुलगी स्नेहल इचलकरंजीला सासरी परतली, त्या दिवशी मी तो कानात घातला.

“अवो, सकाळपास्नं काय खाल्लासा काय?”

मी होतो तिथंच जमिनीवर बसलो. हे यंत्र आहे हे मला ठाऊक होतं. ठाऊक असण्याचा काही उपयोग झाला नाही.

त्या दिवसापासून ती सांगेल ते मी केलं. ती होती तेव्हा इतकं कधी ऐकलं नव्हतं. आम्ही जैन, आमच्यात दिवस बुडायच्या आत जेवतात, त्यामुळं रात्री फार वेळ पोट रिकामं राहायचं. त्यावर गोळीची वेळ कशी बसवायची तेही तिनं शिकवलं. भात वाटीनं मोजला. आरशात तळवे बघितले. साखर उतरत गेली. आणि ती कमी बोलायला लागली.

सकाळी एक वाक्य. जेवताना कधी काही, कधी नाही. एक दिवस तर ती दुपारपर्यंत बोललीच नाही. मणी बिघडला म्हणून मी आरोग्य केंद्रात गेलो. फरीदाताईंनी पडद्यावर माझे आकडे बघितले आणि हसल्या. यंत्र ठीक आहे, म्हणाल्या, तुम्ही शिकलात. मग त्यांनी समजावलं. सोबती प्रत्येक धड्यानंतर पेशंटला उलट विचारतं. पेशंट स्वतःच्या शब्दांत बरोबर सांगायला लागला आणि तसं वागतोय हे टिकलीवरच्या आकड्यांतून दिसलं, की ते बोलणं कमी करत जातं. नाहीतर माणूस मण्याच्याच भरवशावर राहील. सगळं जमलं की ते कायमचं थांबतं, आणि दिलेला आवाज कायद्यानं पुसला जातो. आवाज शिकवण्यापुरता उसना घेतलेला असतो, दुसऱ्या कशासाठी ठेवता येत नाही.

“जन्मभर हात धरून बसणारा मास्तर काय कामाचा, काका? दिवाळीपर्यंत तुमचं संपेल बघा.”

पुढच्या बैठकीत सगळ्या पेशंटांपुढं नारळ देऊन त्या माझा सत्कार करणार होत्या. मी बरं म्हटलं आणि घरी आलो.

संध्याकाळी मण्यातून तिनं विचारलं, “हातपाय कापायला लागलं, घाम फुटला, डोळ्यापुढं अंधारी आली, तर काय करायचं? सांगा बघू.”

मला येत होतं. साखर एकदम उतरलेली असते. तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यायची, बसून राहायचं, बरं वाटलं की जेवायचं. मी म्हटलं, “झोपायचं.”

ती कळवळली. झोपायचं नसतं, बेशुद्ध पडतो माणूस, म्हणत पहिल्यापासून सगळं समजावलं, आणि शेवटी म्हणाली, डोस्कं हाय का खोकं. मी भिंतीला टेकून हसत होतो. त्या संध्याकाळी आणखी दोन उत्तरं मी मुद्दाम चुकवली. तिच्या मरणानंतर इतका वेळ आम्ही बोललो नव्हतो.

पण यंत्राला थोड्या दिवसांत संशय आला. ज्याला काहीच कळत नाही त्याची साखर अशी सरळ राहत नाही. माझ्या चुकलेल्या उत्तरांकडं ते काणाडोळा करायला लागलं. ती पुन्हा गप्प. तेव्हा मी काकवी खाल्ली.

काकवी म्हणजे गूळ होण्याआधीचा पातळ पाक. काहिलीतून वाटीभर काढला, निवू दिला आणि बोटानं चाटून संपवला. वाटी संपली तसा आवाज आला.

“अवो, काय खाल्लासा? खरं सांगा.”

मी रोज खायला लागलो. ती सकाळी उठल्यापासून बोलायची. रागवायची, समजवायची, साखर चढली की रक्ताच्या बारीक नळ्या कशा खराब होतात, डोळ्याच्या, मूत्रपिंडाच्या, पायाच्या, हे पुन्हा पुन्हा सांगायची. आकडा फारच वर गेला की तिचा सूर बदलायचा. स्नेहल लहान असताना विहिरीच्या काठावर गेली होती तेव्हा तो सूर मी एकदाच ऐकला होता. पहिल्यांदा तो कानात आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी मी वाटी मोठी घेतली.

गुळव्याचं कातडं भाजत नाही, असं आमच्यात छाती काढून सांगतात. हात पाण्यात बुडवायचा, तसाच उकळत्या पाकात घालायचा आणि गोळी वळून बघायची. वर्षानुवर्षं हे केलं की बोटं निबर होतात. म्हणून बोटांना आणि तळव्यांना काही कळेनासं झालं तेव्हा मी घाबरलो नाही. उलट बरं वाटलं. आता आपण पुरे मुरलो, असं वाटलं. साखरेनं नसा मरतात तेव्हा अगदी असंच होतं, हे तिनं किती वेळा सांगितलं होतं. ते दुसऱ्या माणसांचं, असं मी धरलं.

एकदा काहिलीखालच्या चुलवाणासमोर अनवाणी उभा होतो. कातडं जळाल्याचा वास आला. इकडंतिकडं बघितलं, मग खाली बघितलं. निखारा माझ्याच पायाखाली होता.

अंगठ्याखाली जखम झाली. मण्याला पाय दिसत नाही, तो विचारू शकतो फक्त. आणि जखम आहे म्हटलं की सोबती बोलणं थांबवून पेशंट आरोग्य केंद्राकडं सोपवतं. पुढचं सगळं माणसं बघतात.

“पाय बघितलासा काय?”

“बघितला. काय न्हाई.”

“तळवा बी?”

“तळवा बी.”

असं रोज चाललं. जखमेला फडकं बांधायचो आणि तिच्याशी बोलायचो. दुखत नव्हतंच.

स्नेहल एका रविवारी आली. दारातच थांबली आणि कसला वास येतोय म्हणाली. फडकं सोडलं तेव्हा ती बाहेर जाऊन ओकली. मग गाडी बोलावली आणि मला घेऊन गेली. मोठ्या दवाखान्यात अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. पुन्हा साखर अशीच राहिली तर घोट्यापासून काढावा लागेल, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं. मला सांगायचं त्यांनी टाळलं, पण मी ऐकलं.

वॉर्डात ती माझ्या कॉटजवळ बसली होती. मण्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, आण्णा, मला एकदा ऐकू द्या. मला द्यायचा नव्हता. तरी काढून दिला.

तिनं तो कानात घातला. “आई, मी स्नेहल.”

थोडा वेळ ऐकलं. मग पुन्हा, हळू, आई म्हणाली. मग काढून माझ्या तळहातावर ठेवला.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“पाणी पिलासा काय, असं विचारतीय. तुम्हाला.” तिनं तोंड फिरवलं. “आई मलाबी गेलीय, आण्णा. तुमचीच गेलेली न्हाई. आणि आता तुम्हीबी चाललाय, जाणूनबुजून.”

मी मणी मुठीत मिटून घेतला.

घरी आणल्यावर दोन दिवसांनी फरीदाताई आल्या. माझ्या आकड्यांचा सगळा आलेख त्यांच्याकडं होता. काकवीची प्रत्येक वाटी त्यात दिसत होती, डोंगरासारखी. त्या म्हणाल्या, काका, हे न कळून झालेलं नाही. मी लपवलं नाही. सगळं सांगितलं. त्या पायाचं ड्रेसिंग करायला लागल्या. मग जे बोलल्या त्यानं मी पायाचं विसरलो.

ज्या आवाजानं साखर उतरत नाही तो आवाज पेशंटला लागू नाही, असं सोबती धरतं. मग आवाज बदलतो. माझा या महिनाअखेर बदलणार होता. स्नेहलनं आपला आवाज द्यायला सही केली होती. शालनचा पुसला जाणार होता.

म्हणजे शिकलो तर ती गप्प होणार, आणि न शिकलो तर तिला काढून टाकणार.

मी हात जोडले. म्हटलं, ताई, मी काकवीला शिवणार नाही, नियम घेतो, गोळ्या वेळेवर घेतो, फक्त तिला रोज एक वाक्य बोलू द्या. साखरेचं नको, काहीही. भाजीत मीठ जास्त झालं म्हणाली तरी चालेल. पुसणारं कुणी ओळखीचं असलं तर त्याला सांगा. मी काय काय बोललो ते आठवत नाही. त्यांनी मला बोलू दिलं.

“माझ्या हातात नाही ते, काका. असतं तरी दिलं नसतं.” त्यांनी पट्टीची गाठ मारली. “एक शेवटचा धडा राहिलाय. तो काकूंच्याच आवाजात होतो. घेता का बघा.”

त्या धड्यात यंत्र शिकवत नाही. पेशंट शिकवतो. सोबती नव्यानं साखर निघालेल्या माणसासारखं वागतं, विचारतं, घाबरतं, चुकतं. आपण समजावायचं. दुसऱ्याला शिकवता आलं तरच आपल्याला आलं, असा त्यामागचा हिशेब. नीट शिकवलं तर धडा संपला, सोबती बंद. चुकीचं शिकवलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, महिना संपेपर्यंत.

महिना संपेपर्यंत. मी तेवढंच धरून ठेवलं. चुकीचं शिकवत राहायचं. रोज ती येईल.

दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर बाहेरच्या सोप्यात बसलो आणि मणी घातला.

“अवो,” ती म्हणाली. आवाज दबलेला होता. “मला साखर निघालीय म्हणं दवाखान्यात. म्हंजे काय झालंय मला?”

मी याची तयारी केली नव्हती. चुकीचं बोलायची केली होती. म्हटलं, काय न्हाई, घाबरू नकोस, किरकोळ हाय.

“मग गुळाचा चहा चालतो न्हवं? साखर न्हाई घालत मी. तुमच्याच हातचा गूळ हाय.”

“चालतो की.”

“आन् गोळी? बरं वाटतंय आज. न्हाई घेतली तर?”

“नको घेऊस.”

बरं, म्हणाली आणि गेली. त्या दिवशी मी खूश होतो, खोटं सांगत नाही. उद्या पुन्हा येणार होती.

आली. आवाज ओढल्यासारखा येत होता.

“तुमी म्हणालासा तसंच केलं. खरं, तहान भागंना झालीय. डोळ्यानं अंधुक दिसतंय. तुमी बघता काय जरा?”

यंत्र आपली चूक आपल्याला दाखवत होतं, एवढंच. शिकवलेलं चुकलं की पुढं काय होतं ते दाखवायचं, असं त्यात घातलेलं होतं. हे मला कळत होतं. पण ती दाराआड पडलीय आणि मला हाका मारतीय असं वाटत होतं. श्रावणात ती अशीच पडली होती. तेव्हा मला काहीच येत नव्हतं. तिच्या डोक्यावर पट्ट्या ठेवण्यापलीकडं काही नाही. आता येत होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं येत होतं, आणि मी ते दाबून बसलो होतो, ती उद्या पुन्हा आजारी होऊन यावी म्हणून.

“शालन, काल मी खोटं सांगितलं,” मी म्हटलं. “आता नीट ऐक.”

मी शिकवायला लागलो. खाल्लेल्या अन्नाची साखर होते आणि रक्तातून सगळीकडं जाते. ती पेशीत शिरायला एक किल्ली लागते. तुझी किल्ली गंजलीय, म्हणून साखर बाहेरच साठतीय. गूळ काय, साखर काय, रक्तात गेल्यावर दोन्ही एकच. हे मी गुळव्या सांगतोय. हातचा असला तरी तेच. गोळी बरं वाटलं म्हणून सोडायची नाही, गोळीनंच बरं वाटतंय. भाकरी खा, पण मोजून. तू मला कशी मोजून घालायचीस, तशी.

ती मध्ये मध्ये विचारत होती. उपास आला तर? मुनिमहाराजांकडं नियम घेतलेला असला तर? मी म्हटलं, गोळी चालू असताना निरंकार उपास करायचा नाही. आधी डॉक्टरांना विचारायचं, मग महाराजांना सांगायचं. ते समजून घेत्यात. पाय बधिर झाला तर? मी म्हटलं, तर लगेच दाखवायचं. त्याचा अभिमान धरायचा न्हाई. हे सांगताना मी माझ्या पायाच्या पट्टीकडं बघितलं.

विचारता विचारता तिचा आवाज सुधारत गेला. आधी तहान गेली असं म्हणाली. मग दिसायला लागलंय म्हणाली. मग तिनं एका उत्तरावर मला टोमणा मारला, एवढी अक्कल कवापास्नं आली म्हणून. ती बरी होत होती. प्रत्येक बरोबर उत्तरानं बरी होत होती आणि शेवटाकडं चालली होती. एक उत्तर चुकवलं असतं तरी ती उद्या आली असती. तहानेली, डोळे अंधुक झालेली. मला ते जमलं नाही. मी एकही चुकवलं नाही.

“एवढं सगळं केलं तर मी नीट जगंन न्हवं?” तिनं विचारलं.

याचंही एक ठरलेलं उत्तर होतं. मी ते दिलं. “जगशील. लई वर्षं.”

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. तो लांब जाईपर्यंत ती थांबली.

“कळलं मला समदं. आजून काय सांगायचं ऱ्हायलंय काय?”

सांगायचं पुष्कळ होतं. त्यात साखरेचं काही नव्हतं.

“न्हाई,” मी म्हटलं. “झालं.”

“बरं,” ती म्हणाली.